प्रेसनोट पाठवली, तरी बातमी लागत नाही? अडतंय कुठे ते शोधू

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळीच सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांचा, अण्णांचा, फोन आला. आवाज तापलेला. "पाच पेपरला पाठवली ओ प्रेसनोट, एकानं पण लावली नाही. वर्षात तिसरी वेळ ही. जाहिरात दिल्याबिगर छापतच नाहीत हे लोक, बघा की!"

हीच तक्रार नव्या पेठेतले कापड दुकानदार करतात, होटगी रोडचे डॉक्टर करतात, कडक भाकरी पाकिटात भरून पुण्या-मुंबईला पाठवणाऱ्या एक ताई तर दर तीन महिन्यांनी करतात. मी काही वर्षं एका दैनिकात डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या निवडून, तपासून पानात लावतात त्या टेबलावर, उपसंपादक होतो. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला प्रेसनोटांचा नुसता पाऊस पडायचा, आणि जाहिराती लागून शहराच्या पानावर उरलेली जागा बघावी तर हातरुमालाएवढी. आता टेबलाच्या अलीकडे येऊन त्याच प्रेसनोटा लिहून देतो. न छापणाऱ्याची आणि न छापून आलेल्याची, दोघांचीही बाजू ठाऊक आहे. जाहिरातीचं अण्णा म्हणतात ते अगदीच खोटं नाही, त्याकडे येतोच. पण पुष्कळदा कारण त्याहून कितीतरी साधं निघतं.

"अण्णा," मी म्हटलं, "चिडायचं नंतर. पाठवलेला मेल आहे तस्सा मला फॉरवर्ड करा."

यंत्रमागावर कापडात दोष निघाला म्हणून कुणी माग भंगारात काढत नाही. धागा कुठे तुटला ते आधी बघतात. इथंही तेच. नोट पोचली नाही. पोचली पण उघडली नाही. उघडली पण वरच्या तीन ओळींत काही हाती लागलं नाही. लागलं ते खरं वाटलं नाही. खरं वाटलं तोवर पान गेलं होतं. तपासायचं ते याच क्रमानं. मेलच उघडला गेला नसेल, तर आतली भाषा कितीही घासून-पुसून काय उपयोग?

आधी बघा, पोचली तरी का

अण्णांनी पाच पत्त्यांवर मेल केला होता. त्यातले दोन पत्ते बातमीदारांचे वैयक्तिक. एकानं कधीच पेपर बदललाय, दुसऱ्याची बदली झालीय. तिसऱ्या पत्त्यात एक अक्षर चुकलेलं. मेल परत आल्याची सूचना अण्णांच्याच इनबॉक्समध्ये न वाचता पडून होती. म्हणजे पाचातल्या दोनच ठिकाणी माल पोचला, आणि राग मात्र पाचही जणांवर.

यावरचा उपाय फुकटचा आहे. ज्या पेपरात बातमी हवी, तो एक दिवस विकत घ्या. आतल्या किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते: मुद्रक, प्रकाशक, संपादक, कार्यालयाचा पत्ता. ती ओळ छापणं पेपरला कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे ती सापडणारच. तिथल्या कार्यालयात जाऊन किंवा फोन करून सरळ विचारा, शहर पानासाठी बातम्या कोणत्या मेलवर घेता, आणि व्हॉट्सअ‍ॅप चालतं का. बातमीदाराला वेगळी प्रत जरूर पाठवा, पण डेस्कच्या पत्त्यावर गेलीच पाहिजे. बातमीदार रजेवर जातो, डेस्क जात नाही.

आता जे दोन मेल पोचले त्यांचं काय झालं? एकाला विषयच नव्हता. दुसऱ्याचा विषय होता 'प्रेसनोट'. डेस्कच्या इनबॉक्समध्ये 'प्रेसनोट', 'कृपया प्रसिद्धीसाठी', 'बातमी', 'अर्जंट' असे मेल एकाखाली एक लागलेले असतात, सगळे एकाच चेहऱ्याचे. कुठला उघडायचा? विषयाच्या जागी बातमीचं शीर्षकच लिहा. शेवटी 'फोटोसह' एवढं जोडा.

मेल उघडला तर आत एक ओळ नाही. खाली एक पीडीएफ, तीही लेटरहेडवर छापून, सही-शिक्का मारून परत स्कॅन केलेली. अण्णांच्या दृष्टीनं हा रीतसर कारभार. डेस्कवरच्या मुलीच्या दृष्टीनं हा फोटो आहे, आणि यातला प्रत्येक शब्द तिला हातानं टाइप करावा लागणार आहे. संध्याकाळी साडेसहाला ती वर्धापन दिनासाठी एवढं करणार नाही. मीही करत नव्हतो.

याचाच चुलतभाऊ म्हणजे फॉन्टचा घोळ. डीटीपीवाला जुन्या सवयीनं त्याच्या संगणकावरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतो. त्याच्याकडे सुंदर मराठी दिसतं, समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांची रांगोळी. युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. मोबाइलवर आपण मराठी टाइप करतो ते युनिकोडच असतं, त्यामुळे 'आमच्याकडे नाही' असं म्हणायची सोय नाही.

खात्री करायची असेल तर नोट आधी स्वतःलाच मेल करा. फोनवर उघडा, मजकुरातल्या एका शब्दावर बोट दाबून धरा, चार ओळी कॉपी करा आणि बायकोला व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवा. तिला मराठी वाचता आलं, तर डेस्कलाही येईल. शब्द निवडलाच जात नसेल, तर तुम्ही बातमी नाही, बातमीचा फोटो पाठवलाय. मजकूर मेलमध्येच चिकटवायचा, सोबत वर्डची फाइल जोडायची. फाइलचं नाव 'नवीन अंतिम अंतिम २' असलं तर बदला. व्यवसायाचं नाव आणि तारीख पुरे.

अकराव्या ओळीतली बातमी

इथवरचं सगळं तासाभरात दुरुस्त होतं. खरा धागा तुटला होता तो पुढे. अण्णांची नोट अशी सुरू होत होती:

'सोलापूर (प्रतिनिधी) – सोलापूरच्या औद्योगिक वैभवात मानाचा तुरा खोवणाऱ्या, गुणवत्ता व विश्वास या दोन चाकांवर गेली २५ वर्षे अविरत वाटचाल करणाऱ्या अमुक टेक्स्टाईल्सचा रौप्यमहोत्सवी वर्धापन दिन नुकताच असंख्य मान्यवरांच्या मांदियाळीत मोठ्या उत्साहात संपन्न झाला. कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलनाने झाली...'

मग सतरा नावं. मग स्वागत कुणी केलं, प्रास्ताविक कुणी केलं, सूत्रसंचालन कुणी केलं. आणि अकराव्या ओळीत, आभाराच्या जरा आधी: 'याप्रसंगी नवीन शिलाई विभागाचेही उद्घाटन करण्यात आले असून त्यात विडी कामगार भगिनींना रोजगार देण्यात आला आहे.'

मी फोन लावला.

"अण्णा, ह्या भगिनी किती?"

"अडतीस."

"कुठल्या?"

"नीलम नगर, विडी घरकुल, तिकडच्याच सगळ्या."

"शिलाई येत होती त्यांना?"

"कुठली ओ! विड्याच वळायच्या. तीन महिने शिकवलं. शिकताना पण पगार दिला, नाहीतर येणार कशा? दिवसाच्या मजुरीवर घर त्यांचं."

"मग हे लिहिलं का नाही?"

"त्यात काय लिहायचं? ते तर आपलं रोजचं काम आहे."

गाडी अडते ती इथे. मालकाला जे रोजचं वाटतं ते गावाला नवीन असतं, आणि मालकाला ज्याचं अप्रूप, त्याच्याशी गावाला काही देणंघेणं नसतं. २५ वर्षं पूर्ण झाली याचा आनंद अण्णांना, त्यांच्या घरच्यांना, फार तर बँकेला. पण ज्या शहराला लागून कुंभारीत विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं अख्खी वसाहत उभी राहिली, तिथं अडतीस जणी विडीचं सूप बाजूला ठेवून शिलाई मशीनवर बसल्या, हे प्रत्येकजण वाचेल. कुणाची आई, कुणाची मावशी अजून विड्या वळतेय.

स्वतःची नोट तपासायला मी एक युक्ती वापरतो. व्यवसायाचं नाव बोटानं झाकायचं आणि उरलेलं वाचायचं. 'एका कारखान्याला २५ वर्षं झाली': काही उरलं का? 'एका कारखान्यानं ३८ विडी कामगार बायकांना शिकवून कामाला लावलं': उरलं. भाकरीवाल्या ताईंची नोट अशीच 'ग्राहकांच्या उदंड प्रतिसादात दुसरी शाखा' अशी होती. नाव झाकल्यावर तळाशी एक ओळ सापडली, की त्या आता ज्वारी आडत्याकडून न घेता मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यांकडून थेट घेतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या खास मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन आहे, शेतकऱ्याला क्विंटलमागे किती जास्त मिळाले याचा हिशेब ताईंच्या वहीत होता. शाखेची गोष्ट त्याच्या शेपटाला बांधली. गणवेश शिवणाऱ्यांना मी सांगतो, जूनच्या आधी पालकांना उपयोगी पडेल असं काही असेल तरच लिहा: कापडाचा भाव वाढलाय का, कुठला धागा धुण्याला टिकतो, उंची वाढणाऱ्या मुलासाठी किती शिलाई आत सोडायची.

आणि नाव झाकल्यावर खरंच काही उरत नसेल, तर प्रेसनोट लिहूच नका. वाढदिवस, शोरूमचं नूतनीकरण, 'दिवाळीनिमित्त भव्य सवलत' या जाहिराती आहेत. जाहिरात विभागात जा, दर विचारा, सन्मानानं पैसे द्या. जाहिरातीत कमीपणा काही नाही. तिथं निदान तुमचं वाक्य कुणी कापत नाही.

जगातली पहिली प्रेसनोट म्हणून जी सांगितली जाते, तीत कौतुकाचा विषयच नव्हता. २८ ऑक्टोबर १९०६ ला अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासहून जास्त माणसं गेली. कंपन्यांची तेव्हाची रीत म्हणजे तोंड बंद, बातमीदारांना गेटबाहेर. कंपनीसाठी काम करणारा आयव्ही ली आधी स्वतः बातमीदार होता. त्यानं उलट केलं: काय घडलं ते लिहून पेपरवाल्यांच्या हातात दिलं. न्यूयॉर्क टाइम्सनं ते जसंच्या तसं छापलं. छापलं याचं कारण त्यात माहिती होती, मानाचा तुरा नव्हता. तुमच्या कारखान्यात उद्या काही वाईट घडलं तरी हाच रस्ता: काय, कधी, कुठे, किती जण, आता काय करतोय. दुपारच्या आत, चार ओळींत. गप्प बसलात तर गेटवरचा चहावाला तुमच्या वतीनं बोलतो.

नोट पुन्हा कशी लिहिली

अडचण अशी की अण्णांचा कार्यक्रम होऊन आठवडा उलटला होता. 'नुकताच' हा शब्द प्रेसनोटेत दिसला की डेस्क ओळखतो, तारीख लपवलीय. शिळं झालेलं गरम करून वाढण्यापेक्षा पुढं काय घडणार आहे ते विचारलं. अण्णा म्हणाले, एप्रिलपासून अजून पंचवीस जणी घ्यायच्यात. झालं काम. आता बातमीत वाचणारीला करण्यासारखंही काहीतरी होतं.

'सोलापूर, ता. २२ : विड्या वळून संसार चालवणाऱ्या ३८ महिला आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतील अमुक टेक्स्टाईल्सच्या नव्या शिलाई विभागात टॉवेल शिवत आहेत. तीन महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर त्यांना कायम काम मिळाले असून प्रशिक्षणाच्या काळातही वेतन देण्यात आले. २५ महिलांची दुसरी तुकडी १ एप्रिलपासून सुरू होत आहे. नावनोंदणी कारखान्यात सोमवार ते शनिवार सकाळी १० ते ५ या वेळेत होईल. शिलाई येण्याची अट नाही.'

एवढाच मजकूर छापून बाकी सगळं कापलं तरी बातमी पूर्ण आहे. पान लावताना कात्री खालून चालते, वरून नाही. म्हणून जे कापलं तर चालेल ते खाली, जे कापलं तर जीव जाईल ते वर. आपण भाषणासारखं लिहितो, सावकाश चढत जाऊन शेवटी मुद्द्याला हात घालतो, आणि कात्री नेमका तोच मुद्दा घेऊन जाते.

'कायम' या शब्दावर मी अण्णांना अडवलं होतं. पगारपत्रकावर आहेत का? आहेत, पीएफ कापतो म्हणाले. मगच शब्द ठेवला. उद्या बातमीदारानं एखादीला विचारलं आणि ती म्हणाली की आम्ही तर नगावर काम करतो, तर ही बातमी दुसऱ्याच मथळ्यानं लागली असती.

दुसऱ्या परिच्छेदात माणसाचं बोलणं हवं. अण्णांच्या जुन्या नोटेत त्यांच्या तोंडी वाक्य होतं: 'समाजाचे आपण काही देणे लागतो या उदात्त भावनेतून...' असं अण्णा जन्मात कधी बोलले नाहीत. मी कारखान्यात गेलो, तिथल्या एका मावशींशी बोललो. त्या म्हणाल्या, "पहिले पंधरा दिवस टॉवेलला पण तंबाखूचा वास येतोय असं वाटायचं. घरी जाऊन पोरीला विचारायचे, येतोय का गं?" त्यांची परवानगी घेऊन, नाव छापलेलं चालेल का हेही विचारून, ते वाक्य जसंच्या तसं घातलं. अण्णांचं वाक्य त्याखाली: "शिकताना पगार दिला नसता तर एकही आली नसती." हे त्यांचंच, फोनवरचं.

शेवटी दोन ओळी कारखान्याविषयी: कधी सुरू झाला, काय बनतं, माल कुठं जातो. २५ वर्षांचा उल्लेख इथं आला. आणि सगळ्यात खाली, 'छापण्यासाठी नाही' असं लिहून, अधिक माहितीसाठी एका माणसाचं नाव आणि मोबाइल. तो फोन उचलणारा माणूस हवा. सगळी नोट दोन-अडीचशे शब्दांत बसली.

सतरा पाहुण्यांचं काय केलं? हा आपल्याकडचा जुना दुखरा विषय. नाव गाळलं तर पाहुणा रुसतो, घातलं तर बातमी बुडते. उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं ते एक नाव ठेवा, आणि ज्याचा या कामाशी थेट संबंध आहे असं एखादं. बाकीच्यांना कार्यक्रमाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, स्टेटसला लावतील आणि खूश होतील. 'कार्यसम्राट', 'दानशूर', 'सुप्रसिद्ध उद्योजक' ही लेबलं डेस्कवर पहिल्या फेरीतच गळतात, तेव्हा तुमची शाई तरी वाचवा.

खरं वाटत नसेल तर

नोटेत 'सोलापुरातील एकमेव', 'महाराष्ट्रात प्रथमच', 'नंबर वन' असं काही असेल, तर उपसंपादकाच्या मनात पहिला प्रश्न येतो: कुणी मोजलं? मोजायला त्याला वेळ नाही, म्हणून तो नोटच बाजूला सारतो. 'एकमेव'च्या जागी आकडा घाला, शंका मिटते. आकडे सगळीकडे तेच आहेत ना, हेही बघा. अण्णांच्या नव्या नोटेच्या पहिल्या खर्ड्यात मजकुरात ३८ आणि फोटोओळीत ४० होत्या. दोन पर्यवेक्षिकाही मोजल्या होत्या म्हणे. डेस्कला हे कोण सांगणार?

काही शब्द नुसते फुगवलेले नसतात, अंगाशी येणारे असतात. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्ही नावांना जीआय मानांकन आहे. म्हणून सोलापुरात विणलेला प्रत्येक टॉवेल आपोआप 'जीआय मानांकित' होत नाही. ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणी असेल तर ठासून लिहा, नसेल तर त्या शब्दाला हात लावू नका.

खाण्याच्या पदार्थांत तर फारच जपून. भाकरीवाल्या ताईंनी एकदा लिहिलं होतं, 'मधुमेह मुळापासून बरा करणारी ज्वारीची कडक भाकरी'. मी ते वाक्य दोनदा खोडलं, त्यांनी दोनदा परत घातलं. शेवटी त्यांना अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चं कलम ५३ दाखवलं. खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दाव्यांबाबतचे वेगळे नियमही २०१८ पासून आहेत. 'ही बातमी आहे, जाहिरात नाही' ही पळवाट तिथं किती टिकेल, यावर ताईंनी धंदा लावू नये असं माझं मत पडलं. ज्वारीत ग्लुटेन नसतं, तंतू भरपूर असतात, एवढंच लिहिलं. ते खरं आहे, आणि पुरेसं आहे.

वेळ आणि फोटो

सोलापुरात नोट कधी पाठवू नये याचं पंचांग सोपं आहे. जानेवारीत संक्रांतीच्या आगेमागे सिद्धेश्वरांची यात्रा. नंदीध्वज, अक्षता सोहळा, होमविधी, गड्ड्यावरच्या जत्रेची गर्दी: त्या आठवड्यात शहराचं पान तुमचं नसतं. आषाढीला सगळे बातमीदार पंढरपूरच्या वाटेवर. निवडणूक निकाल, दहावी-बारावीचे निकाल, गणेश विसर्जन, ही पानं आधीच भरलेली. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला पेपरांना सुट्टी असते, दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही, लक्ष्मीपूजनाचंही तसंच. ६ जानेवारीला, 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या आठवणीत पत्रकार दिन असतो, त्या दिवशी शुभेच्छा द्या आणि नोट मागे ठेवा. सगळेच पत्रकार कुठल्या ना कुठल्या सत्काराला गेलेले असतात.

पाठवायची वेळ सापडते ती रविवारी. २०२० पासून राज्य सरकारची कार्यालयं शनिवार-रविवार बंद असतात, रविवारी महापालिका-जिल्हाधिकारी कार्यालयाकडून फारसं काही येत नाही, आणि सोमवारचा अंक तर भरायचाच असतो. रविवारी दुपारी दोन-तीनच्या दरम्यान आलेली नीट नोट डेस्कला उपकारासारखी वाटते. इतर दिवशीही दुपारी चारच्या आत. कार्यक्रम संध्याकाळचा असेल तर नोट सकाळीच तयार ठेवायची आणि कार्यक्रम संपताच फक्त जे बदललं ते भरून पाठवायची. रात्री दहाला 'उद्या लावा बरं का' म्हणणाऱ्याचं उद्या कधीच उजाडत नाही.

फोटोबद्दल थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान होतो. त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडलात तर मूळ आकारात जातो. दोन कॉलमी फोटो छापताना साधारण आठ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे तीन इंचाच्या वर. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर रुंदीला हजारेक पिक्सेल पाहिजेत. स्टेटसवरून परत घेतलेला स्क्रीनशॉट चालत नाही. कोपऱ्यात कारखान्याचा लोगो आणि खाली 'हार्दिक शुभेच्छा' लिहिलेलं पोस्टर तर मुळीच नाही. आणि फीत कापताना ओळीत उभी असलेली बारा माणसं हा फोटो त्या बारा जणांसाठी आहे. आम्ही पाठवला तो मशीनवर वाकलेल्या मावशींचा, बाजूला टॉवेलांची थप्पी. फोटोओळीत डावीकडून कोण, कुठे, काय करतंय, एवढंच.

फोन करावा का? आणि जाहिरातीचं काय?

एकदा करावा, दुपारी. 'बातमी लागणार का' असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. पान रात्री बदलतं. 'मेल मिळाला का, फोटो उघडतोय का, अजून काही माहिती हवी का' एवढं विचारायचं. संध्याकाळी सातनंतर डेस्कला फोन केलात तर आवाज ऐकू येईल, माणूस नाही. 'मी तुमचा जुना जाहिरातदार' हे वाक्यही गिळा. त्यानं बातमीदार अवघडतो आणि दुसऱ्या दिवशी जाहिरात विभागाचा माणूस दारात उभा राहतो.

तो तसा उभा राहतो, हे खरंय. काही ठिकाणी नोट दिली की 'एक छोटी जाहिरात द्या, बातमी मोठी लावू' अशी भाषा होते. ती ऐकून अण्णांसारख्यांची खात्री पटते. पैसे घेऊन जाहिरातीला बातमीचा वेश चढवणं, म्हणजे पेड न्यूज, यावर प्रेस कौन्सिलनं २०१० मध्ये अहवाल दिला, मुख्यतः निवडणुकांच्या संदर्भात. माझा सल्ला व्यवहारी आहे. पैसे देऊन छापायचं असेल तर वर 'जाहिरात' असं छापूनच घ्या. वाचक मूर्ख नाही, आणि एकदा पैसे मोजून बातमी लावली की पुढच्या प्रत्येक बातमीचा दर ठरतो. अडलेली नोट पेपरच्या मनात काय आहे यावर सोडून देण्याआधी वरच्या सगळ्या तपासण्या करून बघा. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ वेळा दोष आपल्याच मेलमध्ये सापडलाय.

पुढे काय झालं

रविवारी दुपारी अडीचला नवी नोट गेली, चार डेस्कना. सोमवारी एका पेपरात दोन कॉलम, मावशींच्या फोटोसह, वाक्यासकट. दुसऱ्यात 'संक्षिप्त'मध्ये पाच ओळी. तिसऱ्यात बातमी चांगली मोठी लागली, पण सुरुवात अशी: 'अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात...' चौथ्यात काहीच नाही.

सकाळी सातला फोन. "नाव खाल्लं ओ त्यांनी!"

इथं चूक माझी होती. वर नमुन्यात पुन्हा बघा. कारखान्याचं नाव मी पहिल्या वाक्यात एकदाच घातलं, आणि नावनोंदणीच्या ओळीत नुसतं 'कारखान्यात' लिहून मोकळा झालो. उपसंपादकाला पहिल्या वाक्यातलं नाव जाहिरातीसारखं वाटलं, त्यानं ते काढलं. बातमीला धक्का लागला नाही. नाव अशा जागी बांधायला हवं होतं, की ते काढलं तर वाचणारीला जायचं कुठे हेच कळणार नाही. आता मी नोंदणीच्या, पत्त्याच्या, चौकशीच्या ओळीत पूर्ण नाव आणि प्लॉट क्रमांक घालतो. वरचा नमुना पुढं कुणाला वापरायचा असेल तर तेवढी दुरुस्ती करून घ्या.

तो तिसरा पेपर विडी घरकुलात बराच वाचला जात असावा. बुधवारी साडेदहाच्या सुमाराला शेजारच्या कारखान्याच्या वॉचमननं अण्णांना फोन केला: "अण्णा, पेपर घेऊन वीस-बावीस बायका आल्यात. तीन गेट फिरून झालेत त्यांचे. तुमच्याच का बघा."